भारतीय पासपोर्टवर परदेशी जाताना : व्हिसाचा नियम कसा वाचावा

बालीला उतरल्यावर विमानतळावरच व्हिसा मिळतो, एवढी एक गोष्ट पक्की ठाऊक असल्याने माझी मावशी आणि काका निर्धास्त होते. तिकिटे काढलेली, हॉटेलचे पैसे भरलेले, बॅगेत थेपले आणि मेतकुटाचा डबा. मुंबई विमानतळावर चेक-इन काउंटरवरच्या मुलीने मावशीचा पासपोर्ट उघडला, मुदतीची तारीख पाहिली, बोटांवर महिने मोजले आणि पासपोर्ट हळूच परत तिच्यापुढे सरकवला. मुदत संपायला पाच महिने वीस दिवस उरले होते आणि इंडोनेशियाला पुढचे सहा महिने वैध असलेला पासपोर्ट लागतो. काकांच्या पासपोर्टला अजून चार वर्षे होती, पण ते एकटे जाऊन काय करणार? रात्री दीड वाजता दोघे टॅक्सी करून ठाण्याला परतले.

मावशीने चौकशी केली नव्हती असे नाही, तिने विचारलेला प्रश्न अपुरा होता. ‘अमुक देशाला व्हिसा लागतो का?’ असे आपण सगळेच विचारतो. प्रत्यक्षात तो देश आपल्या हातातला पासपोर्ट, जाण्याचे कारण, येण्याजाण्याचा मार्ग आणि राहण्याचे दिवस या चारही गोष्टी एकत्र पाहतो, आणि त्यांतली एक जरी बदलली तरी उत्तर बदलते. गोव्यातल्या कित्येक घरांत हे एकाच जेवणाच्या टेबलावर दिसते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट खुली असल्याने एका भावाकडे भारतीय आणि दुसऱ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट असतो. पॅरिसला जायचे ठरले की पहिला भाऊ बँकेची स्टेटमेंटे गोळा करू लागतो आणि दुसरा नुसती बॅग भरतो. पण चवथीला किंवा नाताळला घरी यायचे झाले की पारडे फिरते, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही आणि त्या दुसऱ्या भावाला स्वतःच्याच गावी येण्यासाठी भारताचा व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) लागते.

पुढची माहिती निळ्या रंगाच्या साध्या भारतीय पासपोर्टसाठी आहे. सरकारी कामाचा पांढरा आणि राजनैतिक अधिकाऱ्यांचा मरून पासपोर्ट यांचे करार वेगळे असतात.

आधी पासपोर्टच नीट वाचा

पहिली नजर मुदतीच्या तारखेवर टाकावी. बहुतेक आशियाई आणि आखाती देशांना सहा महिन्यांची शिल्लक हवी असते. काही ठिकाणी ती उतरण्याच्या दिवसापासून मोजतात, तर काही ठिकाणी परतीच्या दिवसापासून. म्हणून आपण सरळ परतीच्या तारखेपासून सहा महिने मोजावेत, म्हणजे वाद उरत नाही. प्रौढांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, परंतु लहान मुलांचा पाच वर्षांचाच असतो, आणि घरोघरी नेमका तोच अडतो, कारण आईवडील आपल्या पासपोर्टची तारीख लक्षात ठेवतात आणि मुलांचाही तेव्हाच काढला होता असे गृहीत धरतात. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून नव्या पासपोर्टसाठी अर्ज करता येतो. छत्तीस पानी पासपोर्टला १५०० रुपये आणि साठ पानी पासपोर्टला २००० रुपये शुल्क आहे, तर तत्काळ हवा असल्यास वर २००० रुपये द्यावे लागतात. हॉटेलचे बुडालेले पैसे यापेक्षा जास्त असतात, एवढे मावशीकडे पाहून सांगता येईल.

त्यानंतर कोरी पाने मोजावीत. शेंगेन देशांना, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाला, किमान दोन कोरी पाने लागतात. जुन्या, रद्द झालेल्या पासपोर्टमध्ये अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा अजून वैध असेल तर तो नव्या पासपोर्टबरोबर चालतो, मात्र दोन्ही पासपोर्ट बरोबर न्यावे लागतात. त्यामुळे जुना पासपोर्ट माळ्यावर टाकून देऊ नये आणि त्यातले व्हिसाचे पान फाडून काढण्याचा शहाणपणाही करू नये.

नावाच्या बाबतीत मराठी माणसाची एक खास पंचाईत आहे. आपण नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव अशी तीन नावे लिहितो. पासपोर्टवर मात्र रकाने दोनच, आडनावाचा एक आणि दिलेल्या नावाचा एक. त्यामुळे ‘सुनंदा रामचंद्र’ हे सगळेच दिलेले नाव ठरते आणि ‘पाटील’ आडनाव. तिकीट आणि व्हिसाचा अर्ज भरताना नेमके हेच, याच क्रमाने आणि याच स्पेलिंगने लिहावे. लग्नानंतर आधारवर सासरचे नाव आणि पासपोर्टवर माहेरचे अशी स्थिती असेल, तर परदेशप्रवासापुरते पासपोर्टचेच नाव खरे धरावे आणि तिकीट त्याच नावाने काढावे. विवाहाचा दाखला सोबत ठेवावा, पण त्याच्या भरवशावर तिकिटावरचे नाव बदलू नये. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच आहे, त्यांना वेगळाच त्रास होतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पर्यटक व्हिसासाठी एकेरी नावाचे पासपोर्ट स्वीकारण्यावर निर्बंध आणले, तेव्हा अनेकांना ही गोष्ट पहिल्यांदा कळली. अमेरिकेच्या व्हिसावर अशा माणसाचे एकुलते एक नाव आडनावाच्या जागी छापले जाते आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘नाव माहीत नाही’, असे येते. प्रवास ठरण्यापूर्वीच पासपोर्टवरचे नाव दोन रकान्यांत नीट करून घेणे हा यावरचा एकच खरा उपाय आहे.

शेवटच्या पानावर ‘ईसीआर’, म्हणजे ‘देश सोडण्यापूर्वी तपासणी आवश्यक’, असे छापले आहे का, तेही पाहावे. सामान्यतः दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर ते असते. आखाती देश, मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया अशा अठरा देशांत नोकरीसाठी जाताना त्यांना भारत सरकारची परवानगी घ्यावी लागते. काहीच छापलेले नसेल तर परवानगीची गरज नाही. पर्यटक म्हणून परतीच्या तिकिटासह जाणाऱ्या ईसीआर पासपोर्टधारकाला ही परवानगी लागत नाही, परंतु नोकरी ठरलेली असताना ‘सध्या टूरिस्ट व्हिसावर जा, पुढचे तिथे बघू’ असे सांगणारा एजंट भेटला, तर तिथेच थांबावे.

‘व्हिसा लागत नाही’ या शब्दांचे पाच अर्थ

या एका वाक्याखाली इतके वेगवेगळे प्रकार खपवले जातात की ते सुटे करून पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही. नेपाळला खरोखरच काही लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र पुरते. भूतानलाही व्हिसा नाही, पण प्रवेश परवाना आहे आणि भारतीयांना प्रत्येक रात्रीसाठी माणशी १२०० रुपयांचे शाश्वत विकास शुल्क आहे. चार जणांच्या कुटुंबाने पाच रात्री काढल्या तर चोवीस हजार रुपये होतात, म्हणजे व्हिसा नसला तरी खर्च आहेच.

दुसरा प्रकार ठरावीक दिवसांच्या सवलतीचा. मॉरिशस आणि फिजी भारतीयांना पर्यटनासाठी आधी व्हिसा मागत नाहीत. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांची सवलत दिली आहे, मात्र ती मुदत घालून दिलेली आणि वेळोवेळी वाढवलेली सवलत आहे. शिवाय मलेशियाला निघण्यापूर्वीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन पत्र ऑनलाइन भरावे लागते. थायलंडनेही १ मे २०२५ पासून तसेच पत्र सुरू केले आहे. दोन्ही विनाशुल्क आहेत. त्यासाठी पैसे मागणारे संकेतस्थळ उघडले असेल, तर आपण सरकारी संकेतस्थळावर नाही, एवढे ओळखावे.

तिसरा प्रकार उतरल्यावर मिळणाऱ्या व्हिसाचा. इंडोनेशियात ५ लाख रुपिया भरून ३० दिवसांचा व्हिसा मिळतो आणि तो एकदा वाढवता येतो. आकडा ऐकून दचकू नये, आपल्या पैशांत ती रक्कम काही हजारांतच बसते. मालदीव ३० दिवसांचा प्रवेश फुकट देतो, पण परतीचे तिकीट, हॉटेलचे बुकिंग आणि प्रवासापूर्वी ९६ तासांच्या आत भरलेले ऑनलाइन निवेदन मागतो. उतरल्यावर मिळतो याचा अर्थ मागताक्षणी मिळतो असा नाही. अटी पुऱ्या नसतील तर तो देणारा अधिकारी तुम्हाला पुढच्या विमानाने परतही पाठवू शकतो.

चौथा प्रकार ई-व्हिसाचा. यात सगळे घरबसल्या होते, पण तो व्हिसाच असतो आणि नाकारलाही जाऊ शकतो.

पाचवा प्रकार सर्वांत फसवा, तो म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रवास परवान्याचा. केनियाने जानेवारी २०२४ पासून ‘आता व्हिसा नाही’ असे जाहीर केले तेव्हा बातम्यांचे मथळे फार आनंदाचे होते. प्रत्यक्षात व्हिसाच्या जागी परवाना आला. तोही आधीच ऑनलाइन मागायचा, त्याचेही शुल्क भरायचे आणि तो मंजूर झाल्याशिवाय विमानात बसायचे नाही.

जाण्याचे कारण

याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. वर सांगितलेल्या सवलती पर्यटकांसाठी, नातेवाइकांना भेटणाऱ्यांसाठी आणि फार तर बैठकीला जाणाऱ्यांसाठी असतात. पगारी काम, पूर्ण वेळ शिक्षण, तिथल्या कोणाच्या घरी दाईचे किंवा स्वयंपाकाचे काम हे त्यांत बसत नाही. मुलीच्या बाळंतपणासाठी जाणाऱ्या आईने इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याला ‘बाळाला सांभाळायला आले आहे’ असे भाबडेपणाने सांगितले, तर अधिकाऱ्याच्या कानांना ते नोकरीसारखे ऐकू येऊ शकते. ती लेकीला आणि नातवाला भेटायला आली आहे, हे तितकेच खरे आहे आणि तेच सांगावे.

वाटेत कुठे उतरणार?

२०२४ चा टी-२० विश्वचषक भारताने बार्बाडोसमधल्या ब्रिजटाउनला जिंकला. भारतीयांना बार्बाडोसला व्हिसा लागत नाही, हे त्या वेळी अनेकांनी हौसेने एकमेकांना सांगितले. पण मुंबईहून तिथे थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे जायचे तर नुसते विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो, कारण तिथे परदेशी प्रवाशाला इमिग्रेशन न ओलांडता दुसरे विमान पकडण्याची सोय नाही. लंडनमार्गे जायचे तर विमानतळाबाहेर पाऊल न टाकणाऱ्या भारतीयालाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा हाती असेल तर त्यातून सूट मिळते. म्हणजे ज्या बेटाला व्हिसा लागत नाही तिथे पोहोचायला व्हिसा लागतो!

स्वस्त पडतात म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सुटी तिकिटे काढणाऱ्यांनी तर विशेष जपावे. सुट्या तिकिटांवर सामान बहुधा शेवटपर्यंत जात नाही. ते मधल्या विमानतळावर उतरवून घेऊन पुन्हा द्यावे लागते आणि त्यासाठी त्या देशात रीतसर प्रवेश करावा लागतो. प्रवेश म्हटला की व्हिसा आला. तिकिटात वाचलेले पाच-सात हजार रुपये इथे एका फटक्यात जातात.

उलट बाजूने, एका देशाचा व्हिसा दुसऱ्या देशाचे दार उघडतो, ही भारतीय पासपोर्टधारकांसाठी मोलाची गोष्ट आहे. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयाला मेक्सिकोत पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. तुर्कस्तानचा ई-व्हिसा भारतीयांना एरवी मिळत नाही, पण अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा वैध व्हिसा असेल तर मिळतो. अमिरातीतही अमेरिकेचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असलेल्या भारतीयांना उतरल्यावर व्हिसा देण्याची सोय आहे. मात्र अशा सवलतीत पहिला व्हिसा किती दिवस वैध हवा, तो आधी वापरलेला हवा का, ई-व्हिसाच्या रूपातला चालतो का, याचे बारकावे देशागणिक वेगळे असतात.

शेंगेनचे स्टिकर आणि त्याचे गणित

मराठी कुटुंबांच्या युरोप सहलींमुळे सर्वाधिक गोंधळ इथे होतो, म्हणून थोडे थांबून पाहू. शेंगेन क्षेत्रात आता २९ देश आहेत; ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, हे अपॉइंटमेंट कुठे लवकर मिळते यावर ठरत नाही. जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे, आणि दिवस सारखे असतील तर जिथे प्रथम उतरणार त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करता येतो. निकाल साधारण पंधरा दिवसांत येतो, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. मे महिन्याच्या सुटीसाठी एप्रिलमध्ये धावपळ करणाऱ्यांनी हा दुसरा आकडा वाचलेला नसतो. शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे आहे. किमान ३० हजार युरोंचे आरोग्यविमा संरक्षण, हॉटेलचे बुकिंग, रजेचे पत्र, आयकर विवरणपत्रे आणि बँकेची स्टेटमेंटे जोडावी लागतात. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम चार लाख रुपये येऊन पडले असतील, तर ते कुठून आले याचा कागदही जोडावा, कारण अधिकारी शिल्लक पाहतोच, पण ती कशी जमली हेही पाहतो. दूतावासांच्या वतीने काम करणारी व्हीएफएससारखी खासगी केंद्रे अर्ज आणि बोटांचे ठसे घेतात; निर्णय वाणिज्य दूतावासाचा असतो, तेव्हा केंद्रातल्या कर्मचाऱ्याच्या ‘होऊन जाईल’ या शब्दांवर विसंबू नये.

पासपोर्ट परत आला की त्यात चिकटवलेले व्हिसाचे स्टिकर तिथेच उभे राहून वाचावे. समजा, त्यावर वैधता १० मे ते ८ जून, मुक्काम १५ दिवस आणि प्रवेश ‘०१’ असे लिहिले आहे. याचा अर्थ तीस दिवस राहता येते असा नाही. त्या तीस दिवसांच्या खिडकीत केव्हाही जा, पण उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवस धरून फक्त पंधरा दिवस राहा, आणि एकदा बाहेर पडलात की पुन्हा आत नाही. मुंबई, पॅरिस, मग रेल्वेने लंडन आणि परतीचे विमान पुन्हा पॅरिसहून, असा बेत करणाऱ्यांची गाडी याच ‘०१’ वर अडते. लंडनला गेलात म्हणजे शेंगेनबाहेर पडलात. अशा बेताला अर्जातच एकाहून अधिक प्रवेश मागावे लागतात आणि ब्रिटनचा व्हिसा तर वेगळा काढावाच लागतो.

ज्यांच्याकडे दीर्घ मुदतीचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा आहे, त्यांना कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा असते. हे १८० दिवस जानेवारीपासून मोजत नाहीत. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागे वळून मोजायचे असतात. जर्मनीतल्या मुलाकडे कोणी १० जानेवारी २०२६ ला गेले आणि ३० मार्चला निघाले, तर जानेवारीचे २२, फेब्रुवारीचे २८ आणि मार्चचे ३० मिळून ८० दिवस खर्ची पडले. १ जूनला पुन्हा गेल्यास मागच्या १८० दिवसांत ते सगळेच ८० दिवस येतात, म्हणून १० जूनला निघावेच लागते. जुने दिवस ९ जुलैपासून एकेक करून मोजणीबाहेर पडू लागतात. व्हिसा तेव्हाही वैध असेल, तर त्यानंतर गेलेले बरे. पूर्वी पासपोर्टवरच्या शिक्क्यांत कधीकधी चूक खपून जाई. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालेल्या नव्या प्रवेश-निर्गमन प्रणालीत दिवस संगणक मोजतो.

एक बरी गोष्टही सांगायला हवी. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी वेगळा नियम आहे. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून नियमाप्रमाणे वापरले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. म्हणून पहिल्या दोन व्हिसांच्या प्रती जपून ठेवाव्यात आणि अर्जासोबत लावाव्यात.

कोणत्याही देशाच्या अर्जात पूर्वीचा नकार लपवू नये. नकार मिळालेल्या माणसाला पुढे व्हिसा मिळतो, मात्र खोटे बोललेल्यावर ब्रिटन दहा वर्षांची बंदी घालू शकते आणि अमेरिका कायमची.

खात्री कुठे करावी

नियम बदलतात आणि तेही कोणाला न विचारता. सर्बियाने भारतीयांची व्हिसामुक्त सवलत १ जानेवारी २०२३ पासून बंद केली. इराणने फेब्रुवारी २०२४ मध्ये विमानाने येणाऱ्या भारतीय पर्यटकांना १५ दिवसांची सवलत दिली आणि नोकरीच्या आमिषाने नेलेल्या भारतीयांच्या अपहरणाचे प्रकार घडल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये ती स्थगित केली. इंटरनेटवरच्या ‘व्हिसामुक्त देशांच्या’ याद्यांत अशी नावे पुढे कितीतरी दिवस तशीच राहतात. या लेखातले आकडेही त्याला अपवाद धरू नयेत. तिकीट काढण्यापूर्वी एकदा आणि निघण्याच्या आठवडाभर आधी पुन्हा एकदा, त्या देशाच्या दूतावासाच्या किंवा इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर नियम वाचावा.

विमान कंपनीचा कर्मचारी मात्र ते संकेतस्थळ पाहत नाही. त्याच्यासमोर ‘टिमॅटिक’ नावाची, आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेची माहितीप्रणाली असते, आणि तुमचे नागरिकत्व, मार्ग व तारखा तिच्यात भरल्यावर जे उत्तर येते त्यावर तो चालतो. चुकीच्या कागदांचा प्रवासी नेला तर कंपनीला दंड होतो आणि त्याला परत आणावे लागते, त्यामुळे तो हुज्जत ऐकून घेत नाही. अनेक विमान कंपन्यांच्या संकेतस्थळांवर हीच विचारणा प्रवाशाला स्वतः करता येते. तिथे आलेले उत्तर आणि दूतावासाचा नियम जुळत नसतील, तर कंपनीला आधीच लेखी विचारावे आणि आलेले उत्तर छापून हातातल्या बॅगेत ठेवावे. फोनची बॅटरी नेमकी त्या रांगेत संपते.

केनियाच्या सफारीला जाणाऱ्यांनी आणखी एक कागद विसरू नये. पीतज्वराची लस अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर वैध होते. एकदा झाले की आयुष्यभर चालते. ते नसेल तर अडवणूक बहुधा तिकडे होत नाही. परत आल्यावर मुंबईच्याच विमानतळावर, भारतीय पासपोर्ट हातात असताना, सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.